दादऱ्यात आठ नसतात

आमच्या आणि काकूंच्या अंगणात छातीएवढी भिंत आहे. त्यांची जास्वंद आमच्याकडे झुकलेली, आमचा कढीलिंब त्यांच्याकडे. सकाळी साडेसहाला त्या फुलं काढायला येतात, मी झाडांना पाणी घालायला. सांगलीतल्या विश्रामबागच्या आमच्या कॉलनीत आदल्या रात्री जे काही घडलं असेल त्याचा निकाल सात वाजायच्या आत या भिंतीवर लागलेला असतो.

"काय गं, काल तुमच्या गच्चीवर कोण पडलं?"

"पडलं कुणी नाही काकू. नाचाची तालीम होती."

"मग ते धप्पकन?"

"त्या डेंटिस्टबाई. फुगडीत हात सुटला."

"लागलं नाही ना? नाही, परवा माझी दाढ दाखवायची आहे."

यंदा कॉलनीच्या गणपतीला पंचवीस वर्षं झाली. दरवर्षी पाककृती, रांगोळी आणि त्याच त्या अंताक्षरीवर भागायचं. या वर्षी सेक्रेटरींच्या मनात आलं की सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात आणि आपण साधी एकांकिका केलेली नाही, हे शोभत नाही. मग एकांकिका कशाला, संगीत नाटकच करू. मीटिंगमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्यावर "बसवणार कोण?" असा प्रश्न आला. मी लहानपणी चार वर्षं भरतनाट्यम शिकले होते, ही बातमी आमच्या सासूबाईंनी कुठल्याशा हळदीकुंकवात फोडलेली. पदं निवडायची आणि नाच बसवायचे, दोन्ही कामं माझ्या गळ्यात. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांना गच्ची चढता येत नाही. त्यामुळे आमचं नाटक त्या गेले पाच आठवडे फक्त ऐकतायत, आणि भिंतीवरून बसवतायत.

नाटक 'शारदा'. ते ठरण्याआधी 'सौभद्र' चाललं होतं, कारण कृष्णाचा मुकुट आणि अर्जुनाचं धनुष्य भाड्याने मिळतं. पण कृष्ण व्हायला अकरा जण आणि बलराम व्हायला कोणीच नाही, तेव्हा ते बारगळलं. 'शारदा' सुचवलं काकूंनीच. "गोविंद बल्लाळ देवल आपल्या हरिपूरचे. संगमावर भेळ खायला जाता ना दर रविवारी? मग त्या गावाचं काहीतरी देणं लागता." शिवाय शारदा आणि तिच्या मैत्रिणी म्हणजे मुलींना भरपूर कामं. आणि कॉलनीत मुलीच जास्त, मुलगे बहुतेक पुण्याला.

भुजंगनाथ व्हायला मात्र कोणी तयार होईना. पंचाहत्तरीचा म्हातारा, पैशाच्या जोरावर कोवळ्या पोरीशी लग्न करायला निघालेला. सगळ्यांच्या बायका समोर बसणार. शेवटी गेल्या वर्षी रिटायर झालेले कोपऱ्यावरच्या बंगल्यातले साहेब तयार झाले, पण एका अटीवर. नाटकात वयाचा उल्लेख नको.

"अगं, त्या पात्राचा सगळा विनोदच वयावर आहे!" काकू फुलं काढता काढता थांबल्या. "वय काढलं तर उरलं काय? धोतर?"

"ते केस रंगवतात ना काकू."

"मग उत्तम. भुजंगनाथाला मेकअपचा खर्च नाही."

सेक्रेटरींनी पत्रिकेत छापून टाकलं आहे की या नाटकामुळे पुढे 'शारदा कायदा' झाला. काकूंनी कपाळाला हात लावला. नाटक 1899 सालचं, कायदा 1929 चा, आणि त्याला नाव पडलं ते अजमेरच्या हरबिलास सारडांवरून. 'सारडा' हे आडनाव. त्याची आपल्याकडे बोलताना शारदा झाली. त्या कायद्यात मुलीच्या लग्नाचं वय धरलं होतं चौदा. "आपल्या देवलांचं नाटक तीस वर्षं आधीचं आहे हे पुरेसं नाही का? त्याला दुसऱ्याचा कायदा कशाला चिकटवायचा?" खरं आहे. पण पत्रिका वाटून झाल्या आहेत.

आता पदांचं. आमच्याकडे वेळ सव्वा तास, आणि रात्री दहाला भोंगा बंद. पूर्वी नाटक रात्री सुरू व्हायचं आणि पहाटे संपायचं. वन्स मोअरवर वन्स मोअर. आमच्याकडे वन्स मोअर आला तर शेवटचा प्रवेश कापावा लागेल आणि शारदेचं लग्न मोडायचंच राहील. मी आधी सोळा पदं काढली. काकूंनी भिंतीवरूनच यादी मागून घेतली, चष्मा लावला आणि नऊ खोडली.

"तू ही पदं निवडलीस कशी?"

"मोठ्या गायकांची रेकॉर्डिंग्ज ऐकून. जी आवडली ती घेतली."

"तीच चूक. रेकॉर्ड ऐकून आपल्याला आवडतो तो त्या गाणाऱ्याचा गळा. तो काही गणपतीला येणार नाहीये. तू आपल्या पोरींचे गळे ऐकलेस का?"

नव्हते ऐकले. त्या संध्याकाळी शारदा होणाऱ्या दहावीतल्या मुलीला मी जिन्याने दोनदा खाली-वर करायला लावलं आणि मग पद म्हणायला सांगितलं. सोळातली सहा टिकली. सातव्याला तिने पाणी मागितलं. गच्चीवर मांडी घालून बसून गाणं वेगळं आणि रडवेलं तोंड करून, इकडून तिकडे जाऊन, नऊवारीचा काष्टा सांभाळून गाणं वेगळं. मी सांगते, हौशी मंडळींसाठी पदं निवडायला यापेक्षा चांगली परीक्षा नाही. जिना फुकट असतो.

देवलांची पदं तशी दयाळू आहेत. त्यांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर. त्यांनी 1880 साली 'शाकुंतल' केलं तेव्हा साकी, दिंडी, ओवी, अभंग, लावणी असले लोकांच्या कानात आधीच बसलेले घाट घेतले. देवल त्याच वाटेचे. शब्द ऐकू येतात, गोष्ट पुढे सरकते. पुढे 1911 मध्ये 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी आणि 1916 मध्ये 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि रागदारी रंगभूमीवर थाटात येऊन बसली. ती दोन्ही नाटकं खाडिलकरांची, म्हणजे पुन्हा सांगलीच्याच माणसाची. तेव्हा अभिमान दोन्हीकडे आहे. पण ते गाणं पेलायला आयुष्य घालवावं लागतं. आमच्याकडे पाच आठवडे होते आणि मध्ये क्लासची सहामाही परीक्षा.

हे विशारदबाईंना कोण सांगणार? मागच्या गल्लीतल्या त्या. बँकेतून निवृत्त, गाण्यात विशारद, आवाज खरंच सुरेल. त्यांचा आग्रह की मध्ये 'स्वयंवर'मधलं एक पद त्या म्हणणार. आलाप, ताना, सगळं. साधारण बारा मिनिटं.

"कुणाच्या तोंडी?" काकूंनी विचारलं.

"शारदेच्या. म्हणजे शारदा पाठमोरी उभी राहणार आणि या विंगेतून गाणार."

"अगं, ते रुक्मिणीचं पद. तिचं लग्न कृष्णाशी ठरणार म्हणून ती आनंदात आहे. हिचं भुजंगनाथाशी ठरलंय!"

हा मुद्दा मी माझा म्हणून बैठकीत मांडला. विशारदबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भाजीवाल्यापाशी समोरासमोर आलो तर त्यांनी दुधी इतका निरखून पाहिला, इतका निरखून पाहिला की भाजीवालाच म्हणाला, "घ्या, ताजा आहे." तिसऱ्या दिवशी मी त्यांना नांदी दिली. सुरुवातीला, एकट्या, पूर्ण उजेडात, तीन मिनिटं. आता त्याच मुलींना सूर लावायला शिकवतात आणि कबूल करते, त्यांच्याशिवाय आमचं काही खरं नव्हतं.

सुरावरूनही गंमत झाली. शारदेची पट्टी काळी चार. नाटकाचा नायक कोदंड; तो होणारा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. वालचंदला हॉस्टेलवरून नाही, घरूनच जातो, पण वागतो हॉस्टेलवर असल्यासारखा. त्याची पट्टी काळी एक. पेटीचं काय, ती कुठल्याही पट्टीत वाजते. तबल्याचं काय करायचं? प्रत्येक पदाला हातोडी घेऊन ठोकत बसायचं की दोन तबले ठेवायचे? आमचे तबलजी नववीतले, दोन तबले त्यांच्याकडे नाहीत. मी हे रडगाणं गात असताना काकू हसल्या.

"काळी एकचा पंचम कुठला?"

मी बोटांवर मोजलं. काळी चार.

"मग तबला काळी चारला लावून ठेव आणि हलवू नकोस. तिचा तो षड्ज, त्याचा पंचम. दोघांनाही गोड लागेल. लग्न होणारच आहे शेवटी त्यांचं."

काकूंचं माहेर मिरजेचं, सतारमेकर गल्लीच्या जवळचं. भोपळे वाळत घातलेले बघत त्या मोठ्या झाल्या. त्यांचा तंबोरा आता आमच्या गच्चीवर आहे. तो मोबाईलमधल्या तंबोऱ्यापेक्षा जुळवायला वीस मिनिटं जास्त घेतो, आणि त्या वीस मिनिटांत मुलं आपोआप गप्प बसतात. एवढ्यासाठीसुद्धा तो हवा.

तयार ट्रॅक घ्यावेत असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. आमच्यातल्या वकीलकाकांनी सांगितलं, देवल 1916 मध्ये गेले. लेखकानंतर साठ वर्षं हक्क राहतो. ती मुदत कधीच उलटली, तेव्हा नाटक आणि पदं बिनधास्त करा. पण कुणीतरी नंतर गायलेली, वाजवलेली ध्वनिमुद्रिका ही निराळी मालमत्ता, तिचा हिशेब निराळा. म्हणून पेटी-तबला आमचाच, चुकला तरी आमचाच. आणि ट्रॅकचा दुसरा दोष असा की तो थांबत नाही. शारदेचा पदर खिळ्यात अडकला तर पेटीवाले एक ओळ घोळवून वेळ काढतील. ट्रॅक तिला सोडून पुढे निघून जाईल.

आता नाच. खरं दुखणं ते.

गच्चीवर पहिल्या दिवशी बारा जणी आल्या. सात मुली, पाच आया. मुली रीलवर नाच शिकलेल्या, आया झुंबाला जाणाऱ्या. मी शारदेच्या मैत्रिणींचं एक पद लावलं आणि सगळ्यांनी एका सुरात सुरू केलं, "पाच-सहा-सात-आठ!" पद दादऱ्यात. सहा मात्रा. यांचं सात-आठ होईपर्यंत पेटी पुढच्या समेवर. चौथ्या आवर्तनाला निम्म्या जणी डावीकडे, निम्म्या उजवीकडे, आणि मध्ये एकीची बांगडी फुटलेली. तीन दिवस हेच. दादऱ्यात आठ नसतात, हे मी इतक्यांदा सांगितलं की आमचे हे झोपेत म्हणाले.

चौथ्या दिवशी भिंतीवर काकू म्हणाल्या, "तू त्यांना आकडे कशाला शिकवतेस? झिम्मा येत नाही का कुणाला?"

"येतो की. श्रावणात दोन मंगळागौरी झाल्या."

"मग तोच खेळव."

आणि त्यांनी काठी कट्ट्याला टेकवली आणि भिंतीवरून दाखवलं. धा धी ना, धा ती ना. धा म्हणताना स्वतःची टाळी, ती सम. दुसऱ्या धा वर, म्हणजे चौथ्या मात्रेला, समोरचीच्या हातावर टाळी, ती खाली. पाय उजवा-डावा-उजवा, मग डावा-उजवा-डावा. तीन तीन पावलं. सहा झाली की पुन्हा उजवा पाय आपोआप पुढे येतो, मोजावं लागतच नाही. मी इकडून, त्या तिकडून, मध्ये भिंत, आणि आमच्या टाळ्या चालू. दूधवाला फाटकाशी पिशवी धरून उभा राहिला आणि काही न बोलता ठेवून गेला.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर आकडे बंद केले. दहा मिनिटांत बाराच्या बारा जणी समेवर. आणि झुंबावाल्या आया मुलींच्या पुढे! कारण रील मुलींना येतात, पण पिंगा, दंडफुगडी, बसफुगडी, गाठोडं आयांच्या अंगात आहे. मग मी सगळा आराखडा बदलला. मैत्रिणी शारदेला लग्नावरून चिडवतात तिथे झिम्मा. लग्न ठरल्याचं कळतं तिथे पिंगा, पण संथ, डोकी खाली, एकीनेही हसायचं नाही. भुजंगनाथाच्या वरातीला हलगी आणि लेझीम. तिथे मुलांनी 'झिंगाट'चा हट्ट धरला होता. मी नाही म्हटलं. गाणं वाईट म्हणून नाही, ते लागलं की प्रेक्षकच उठून नाचतील आणि खुर्च्या परत लावायला अर्धा तास जाईल. हलगी आपल्या भागाची, लेझीम शाळेत प्रत्येकाने हातात घेतलेली. शिकवायचं काही उरलंच नाही, फक्त कुठून यायचं आणि कुठे थांबायचं तेवढं.

स्टेज चोवीस बाय सोळा. गाणाऱ्यांची बैठक एका बाजूला ठेवली की अठरा बाय सोळा. फुगडीची एक जोडी गरागरा फिरायला सहा फूट खाते. म्हणजे पुढे दोन जोड्या, फार तर तीन. बाकीच्यांनी मागे टाळ्या वाजवायच्या. हे गणित खडूने गच्चीवर आखून दाखवल्यावर फुगडीत कोण यावरून जे झालं ते मी भिंतीवरसुद्धा हळू आवाजात सांगितलं. डेंटिस्टबाईंना घेतलं आहे. हात सुटतो, पण वेग आहे.

पडदा नाही. मांडववाला देतो म्हणाला आणि देईल असं वाटत नाही. तेव्हा मी 'घाशीराम कोतवाल'ची आठवण काढली. 1972 सालचं ते नाटक. त्यात रांगेत उभी राहिलेली माणसंच पडदा होतात, जागच्या जागी डोलतात आणि वळली की पडदा उघडतो. कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या त्या हालचाली बघा, एकही अवघड नाही. अवघड आहे ते सगळ्यांनी एकदम करणं. ती मंडळीही पोटापाण्याला दुसरंच करणारी. दिग्दर्शक जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. मी हे सांगितल्यावर डेंटिस्टबाईंची मान जरा ताठ झाली. आमच्याकडे आठ बायका पदर पसरून पाठमोऱ्या उभ्या राहतात. त्यामागे शारदेचं घर जाऊन नदीचा काठ येतो. म्हणजे एक बाकडं जातं आणि एक कुंडी येते.

शेवटचा वाद नाचताना गायचं कसं, हा. झिम्मा खेळता खेळता पद म्हटलं की तिसऱ्या ओळीला सगळ्या धापा टाकतात आणि कॉलरमाईक ती धाप मांडवभर पोचवतो. मी म्हटलं, नाचणाऱ्या नाचतील, गाणाऱ्या बाजूला बसून गातील. झालं! सेक्रेटरी म्हणाले ही फसवणूक आहे. संगीत नाटकात नटाने स्वतः गायलं पाहिजे. कोदंडाची आईसुद्धा म्हणाली, "माझा मुलगा नुसते ओठ हलवणार नाही."

काकूंना सांगितलं तर त्या क्षणभर काहीच बोलल्या नाहीत. जास्वंदीची एक कळी काढली, पुन्हा फांदीवर ठेवायचा प्रयत्न केला.

"सेक्रेटरींना विचार, भावे नाट्यमंदिर कुणाच्या नावाचं आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये याच सांगलीत, पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केलं. त्यात पदं कोण म्हणायचं? सूत्रधार. बाजूला उभा राहून, साथीदार घेऊन. पात्रं आपली हातवारे करायची, भाषणं करायची. नटांनी स्वतः गायचं हे किर्लोस्करांपासून रुजलं, म्हणजे सदतीस वर्षांनी. तेव्हा तू करतेयस ते जुनंच आहे, त्यांना वाटतं ते नवीन."

मी हे मुद्दाम 5 नोव्हेंबरच्या रंगभूमीदिनाचा दाखला देऊन बैठकीत सांगितलं. सेक्रेटरी दोन मिनिटं छताकडे पाहत होते. मग म्हणाले, "हे मी भाषणात घेतो."

तेव्हा ठरलं असं. एकट्याचं पद असेल तिथे शारदा आणि कोदंड स्वतः गाणार, जागेवर उभे राहून, हात फार न हलवता. झिम्मा, पिंगा, वरात या तिन्ही ठिकाणी विशारदबाई आणि चार मुली बाजूला बसून गाणार. नाचणाऱ्यांनी तोंड मिटून हसायचं. पिंग्यात हसायचंही नाही. भुजंगनाथाचं पद साहेब स्वतः म्हणणार आहेत. त्यांचा सूर सुटतो, पण म्हाताऱ्याचा सुटला तर शोभतो, आणि त्यांना ते माहीत नाही. वयाचा उल्लेख मी काढलेला नाही. तालमीत तेवढी ओळ गाळतो. काकू आणि मी, दोघींनाच माहीत आहे.

काकूंसाठी पुढच्या रांगेत हाताची खुर्ची ठेवली आहे, पाय लांब करायला समोर स्टूल. त्यांना रिक्षाने आणणार. त्या म्हणतात, "मला भिंतीपलीकडूनच ऐकू येतं, कशाला एवढं?" पण काल इस्त्रीवाल्याकडे त्यांची इरकल पाहिली मी.

प्रयोग गणपतीच्या सातव्या दिवशी, बरोब्बर साडेआठला. प्रवेश फुकट, खुर्च्या दोनशे. लहान मुलांना शेव-चिवडा मध्यंतरात, आधी नाही. मोबाईलवर चित्रीकरण करायचं असेल तर कृपा करून मागे उभे राहा. पुढच्या सहा फुटांत डेंटिस्टबाई फुगडी घालणार आहेत.